प्रस्तावना : कण्याच्या आतल्या गाठी

मज्जारज्जूत गाठ असलेल्या रुग्णाची जुनी फाईल उघडली, की सुरुवातीच्या बऱ्याच कागदांवर गाठीचा उल्लेखच सापडत नाही. तिथे स्लिप डिस्क असते, सायटिका असते, संधिवात, बी-12 ची कमतरता, कण्याचा टीबी असतो. रुग्ण बाई असेल तर ‘टेन्शन’ही असते. शेक, मालिश, ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा, हाडवैद्य, एखादा नवस असे सगळे होऊन गेलेले असते. मग एके दिवशी चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि मागून येणाऱ्याने सांगेपर्यंत कळत नाही. जिना उतरताना पाय जड वाटतात. लघवीला बसल्यावर वेळ लागू लागतो. तेव्हा कुठे कोणीतरी पूर्ण कण्याचा एमआरआय लिहून देतो, आणि गाठ दिसते.

हे पुस्तक त्या गाठींवरच्या उपचारांचे आहे. पण प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा मनात आधी आला तो हा मधला काळ. गाठ मज्जारज्जूच्या आत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर रुग्ण चालेल की नाही याचा सर्वांत भरवशाचा अंदाज एकाच गोष्टीवरून बांधता येतो : शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो चालत होता का? शल्यविशारदाचा हात, सूक्ष्मदर्शक, अल्ट्रासाउंडवर चालणारी उपकरणे यांचे मोल मोठेच आहे, पण त्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. चालत आलेला रुग्ण बहुधा चालत घरी जातो. स्ट्रेचरवरून आलेल्याला पुन्हा उभे करणे क्वचित साधते. या विषयातल्या प्रगतीचा हिशेब मांडताना हे विसरले, की सगळा इतिहास यंत्रांचा होऊन बसतो.

नवख्या वाचकासाठी आधी भूगोल. मज्जारज्जू प्रौढ माणसात सुमारे 45 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढी जाड असते. हातापायांना जाणारे सगळे हुकूम आणि तिथून येणारे सगळे निरोप तिच्यातूनच जातात. ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपते. त्याखाली फक्त नसांचा झुपका असतो. हे शेवटचे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. रज्जूभोवती ड्युरा नावाचे चिवट आवरण असते आणि गाठी कुठे आहेत ते या आवरणावरूनच सांगितले जाते. आवरणाच्या बाहेरच्या गाठी बहुतेक वेळा स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा ठिकाणच्या कर्करोगाचा फैलाव असतात. त्या दुर्मीळ नाहीत आणि या पुस्तकाने त्यांना ओझरताच स्पर्श केला आहे. आवरणाच्या आत, पण रज्जूच्या बाहेर वाढतात त्या मुख्यतः मेनिंजिओमा आणि श्वानोमा. प्रौढांमध्ये आवरणाच्या आतल्या गाठींपैकी साधारण दोन तृतीयांश याच असतात. त्या रज्जूला ढकलतात, तिच्यात शिरत नाहीत. म्हणून पाय पूर्ण लुळे पडल्यावरही या गाठी काढून रुग्ण सावरल्याची उदाहरणे आहेत. तिसरा प्रकार रज्जूच्या आतच वाढणाऱ्या गाठींचा : एपेन्डायमोमा, ॲस्ट्रोसायटोमा, हिमँजिओब्लास्टोमा. आणि त्याहूनही विरळ अशा लायपोमा, डरमॉइड, गँग्लिओग्लायोमा, मेलॅनोसायटोमा. माकडहाडात किंवा कवटीच्या तळाशी होणारा कॉर्डोमा खरे तर हाडाचा. पण रज्जूशी आणि नसांशी त्याची गाठ पडतेच, म्हणून तोही इथे आला आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या सर्व प्राथमिक गाठींपैकी रज्जूच्या वाट्याला शंभरात दोन ते चार येतात. तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने रज्जूच्या आतल्या गाठीचा एकही रुग्ण पाहिलेला नसणे अगदी शक्य आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रोज पन्नास पाठी तपासणाऱ्याला त्यातली एक वेगळी ओळखायला लावणे हे अवघड काम आहे, आणि ते शिकवण्याची जबाबदारी आमच्यासारख्यांची होती.

या शास्त्राची सुरुवातही चुकलेल्या निदानापासूनच होते. 9 जून 1887 रोजी लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सले यांनी कण्याच्या आतली गाठ काढून रुग्णाला बरे केल्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया केली. रुग्ण लष्करातला कॅप्टन होता. खांद्याच्या पात्याखालचे त्याचे दुखणे तीन वर्षे जुने होते आणि तेवढ्या काळात बरगड्यांमधल्या नसेच्या दुखण्यासह तऱ्हतऱ्हेची निदाने होऊन गेली होती. शेवटी पाय गेले. विल्यम गावर्स यांनी केवळ हातोडी, टाचणी आणि प्रश्नांच्या बळावर गाठीची जागा सांगितली. त्यांच्याकडे क्ष-किरणसुद्धा नव्हते, कारण त्यांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. हॉर्सले यांनी कणा उघडला तर सांगितलेल्या जागी काहीच नाही. मग हाड आणखी वरपर्यंत काढल्यावर गाठ दिसली. रज्जूच्या बाहेरची. कॅप्टन पुढे चालू लागला. ‘अजून थोडे वर बघू या’ हा निर्णय झाला नसता तर ती शस्त्रक्रिया नाहक कापाकापी म्हणून नोंदली गेली असती. जागा चुकण्याचा हा धडा पुढे आपल्याकडेही लागू पडणार आहे.

रज्जूच्या आत सुरी घालायचे धाडस 1907 साली व्हिएन्नात आयझेल्सबर्ग यांनी केले. न्यूयॉर्कचे चार्ल्स एल्सबर्ग यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती आजही वाचताना नवल वाटते. रज्जूला मधोमध बारीक चीर द्यायची, गाठ दिसली तरी हात लावायचा नाही, आणि जखम शिवून टाकायची. आतल्या दाबाने गाठ आपणहून बाहेर सरकते. आठवड्याभराने पुन्हा उघडायचे आणि ती उचलायची. ओढण्यापेक्षा थांबणे बरे हे त्यांनी उपकरणे नसतानाच ओळखले. 1921 साली पॅरिसमध्ये सिकार आणि फॉरेस्टिए यांनी तेलकट आयोडीन कण्यात सोडून गाठीचा अडसर क्ष-किरणावर दाखवला. त्याच तपासणीचे पुढचे रूप माझ्या पिढीने वापरले : रुग्णाला कलत्या टेबलावर बांधून मायोडिल या तेलाचा थेंब वरखाली सरकताना बघायचा आणि तो जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. रुग्णाची डोकेदुखी चार दिवस जात नसे, आणि काहींच्या नसा त्या तेलानेच पुढे चिकटून बसल्या.

त्यानंतरचे अर्धे शतक दोन विचार एकमेकांसमोर उभे राहिले. एक सावधांचा : रज्जूतल्या गाठीचा तुकडा तपासणीला घ्या, आवरण सैल करून शिवा आणि किरणोपचाराला पाठवा. दुसरा, गाठ पूर्ण काढण्याचा. ह्यूस्टनच्या जेम्स ग्रीनवूड यांनी रक्त थांबवणारा दुपदरी चिमटा वापरून 1954 मध्ये रज्जूतल्या गाठी पूर्ण काढल्याचा अहवाल दिला, तरी बरीच वर्षे बहुसंख्य डॉक्टर पहिल्याच गोटात राहिले. झ्युरिखच्या याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शक नेहमीच्या वापरात आणला आणि 1980 च्या दशकात न्यूयॉर्कचे फ्रेड एपस्टाइन यांनी लहान मुलांच्या रज्जूतल्या लांबलचक गाठी अल्ट्रासाउंडच्या उपकरणाने आतून पोखरून काढायला सुरुवात केली, तेव्हा पारडे फिरले. एमआरआय आला आणि कण्यात नेमके काय आहे हे कणा उघडण्यापूर्वीच दिसू लागले.

दोन्ही गोटांचे म्हणणे आपापल्या गाठीपुरते खरे होते, असे आता म्हणता येते. एपेन्डायमोमा आणि रज्जू यांच्यामध्ये बहुधा एक फट सापडते. ती धरून गाठ पूर्ण निघते आणि पुष्कळदा किरणोपचारही लागत नाही. ॲस्ट्रोसायटोमाला तशी कड नसते. तो तंतूंमध्ये झिरपलेला असतो आणि ‘सगळा काढला’ म्हणणाऱ्याने बरोबर रज्जूही काढलेली असण्याची भीती असते. हिमँजिओब्लास्टोमाची तऱ्हा तिसरीच : त्याच्या पोटात शिरलात तर रक्त आवरत नाही, म्हणून भोवतीच्या रक्तवाहिन्या एकेक बंद करत तो अखंड उचलावा लागतो. गाठीची जात ओळखून हात चालवायचा आणि हात थांबवायचा, याला या पुस्तकात पुष्कळ जागा मिळाली आहे, आणि ते योग्यच आहे.

थांबायचे कुठे, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच सांगणारी सोय गेल्या तीसेक वर्षांत आली. डोक्यावरून विद्युतसंदेश सोडायचे आणि हातापायांच्या स्नायूंत व थेट रज्जूवर ते पोहोचतात का पाहायचे. वेद्रान देलेतिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून एक फार उपयोगी गोष्ट पुढे आली. पायाच्या स्नायूंतले संदेश नाहीसे झाले, पण रज्जूवर नोंदला जाणारा संदेश, म्हणजे ‘डी-वेव्ह’, अर्ध्याहून अधिक शिल्लक असला, तर रुग्ण जागा झाल्यावर पाय लुळे असले तरी काही काळाने त्यांतली ताकद परतते. डी-वेव्ह निम्म्याहून खाली गेला तर तिथेच थांबायचे. अर्थात यासाठी भूलतज्ज्ञाने भूल वेगळ्या पद्धतीने द्यावी लागते, स्नायू शिथिल करणारी औषधे टाळावी लागतात. नाहीतर पडद्यावरची रेघ वाचून उपयोग नाही. उत्तम सूक्ष्मदर्शक आहे पण हे निरीक्षण नाही, अशा ठिकाणी रज्जूच्या आतली गाठ काढायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तकाचे लेखक इतके कठोर नाहीत.

किरणोपचाराची मर्यादा रज्जूच ठरवते. साधारण 45 ते 54 ग्रे मात्रेच्या पुढे गेले की गाठीबरोबर रज्जूलाही इजा होण्याची भीती वाढते. कॉर्डोमासारख्या हट्टी गाठींना याहून जास्त मात्रा लागते, आणि तिथे प्रोटॉन किरण उपयोगी पडतात. ही सोय भारतात आधी चेन्नईला आली आणि 2023 पासून खारघरच्या टाटा केंद्रातही आहे. जैवरसायनाची बाजू तर झपाट्याने बदलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात कण्यातल्या एपेन्डायमोमाला मेंदूतल्यापासून वेगळे घर मिळाले. ‘एमवायसीएन’ जनुक वाढलेला त्याचा आक्रमक प्रकार स्वतंत्र नोंदला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारा ॲस्ट्रोसायटोमा विशिष्ट जनुकीय बदल सापडला तर थेट चौथ्या श्रेणीत जातो. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारातल्या गाठींसाठी बेल्झुटिफान नावाच्या गोळीला 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सुरीखाली जाण्याची पाळी येते त्यांना या गोळीचे काय वाटत असेल याची कल्पना करता येते. तिची किंमत मात्र आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे.

आता आपल्याकडचे. भारतात मेंदू-मज्जाशल्यशास्त्र 1949 मध्ये वेल्लोरला जेकब चंडी यांनी आणि पुढच्या वर्षी मद्रासला बी. राममूर्ती यांनी सुरू केले. मुंबईत राम गिंडे आणि होमी दस्तूर यांच्या पिढीने पाया घातला. तंत्रात आपण फार मागे नाही. आपली अडचण वेगळी आहे : पाय लुळे पाडणारी कारणे आपल्याकडे इतकी आहेत की गाठ त्या गर्दीत हरवते. कण्याच्या टीबीचा विचार प्रत्येक डॉक्टर आधी करतो आणि करायलाच हवा. पण तुकड्याची तपासणी न करता टीबीची औषधे सुरू होतात आणि दीड वर्ष तशीच चालू राहतात. पूर्व विदर्भात लाखोळी डाळीने पाय कडक होण्याचा इतिहास आहे. राजस्थानात पाण्यातल्या फ्लोराइडने कणा ताठरतो, हाड वाढते आणि रज्जू चेपते; यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांनाही हे ठाऊक असेल. मेंढ्या आणि कुत्री एकत्र वावरतात त्या पट्ट्यात कण्यात हायडॅटिडच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या सापडतात. स्टिरॉइडने चार दिवस बरे वाटते ते गाठीतही आणि इतर आजारांतही, म्हणून त्यावरून निदान करणाऱ्याची हमखास फसगत होते.

आणि सर्वांत मोठा सापळा कमरेच्या एमआरआयचा. पाय दुबळे म्हणून कमरेचा एमआरआय होतो. चाळिशीनंतर चौथ्या-पाचव्या मणक्यात थोडी सरकलेली चकती पुष्कळांना असते. ती दिसते, तिच्यावर खापर फुटते, क्वचित तिची शस्त्रक्रियाही होते. रज्जू तर त्याच्या बरीच वर संपलेली असते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले ते हेच. गाठ छातीच्या मागे असते आणि त्या चित्रात येतच नाही. पायांचे प्रतिक्षेप वाढलेले असतील, तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर दोष कमरेच्या खालचा असू शकत नाही. हातोडीने दोन मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे, आणि त्यातले प्रतिक्षेपांचे गमक गावर्सना 1887 मध्येही ठाऊक होते.

पुस्तक जयपुरात आकाराला आले याला कारण आहे. लेखक दोघेही मराठी, एक शल्यविशारद आणि एक फिजिओथेरपिस्ट, आणि दोघांच्या कामाचा मोठा भाग तिथे गेला. 1947 साली सुरू झालेल्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बारमेर-जैसलमेरपासून रात्रभर बसने प्रवास करून रुग्ण येतात. गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून मुंबईला येणाऱ्यांची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र परके वाटणार नाही. लघवी तुंबलेल्या, पाय गेलेल्या माणसाने पाचशे किलोमीटर बसमध्ये बसून काढायचे, आणि उतरेपर्यंत ढुंगणावर जखम सुरू झालेली असायची. 2021 मध्ये राजस्थानात चिरंजीवी योजना आली, आपल्याकडे महात्मा फुले योजना आहे. शस्त्रक्रियेचा खर्च काही प्रमाणात निघतो. बुडालेल्या मजुरीला, सोबतच्या नातेवाइकाच्या मुक्कामाला आणि नंतरच्या सहा महिन्यांच्या व्यायामाला मात्र कोणी धनी नाही.

जयपूर म्हटले की आपल्याला जयपूर फूट आठवतो. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी याच रुग्णालयाच्या परिसरात 1968 च्या सुमारास तो घडवला. 1975 पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो लोकांपर्यंत नेला. मज्जारज्जूच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही. त्याचा पाय जागेवर असतो, हुकूम पोहोचत नाही. पण तो घडवणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न इथे तंतोतंत लागू आहे : हा माणूस घरी कसा राहतो? मांडी घालून बसतो का, उकिडवा बसतो का, शेतात अनवाणी जातो का? पुनर्वसनाची पाश्चात्त्य पुस्तके खुर्ची, कमोड आणि रुंद दरवाजे गृहीत धरतात. या पुस्तकातला पुनर्वसनाचा भाग जमिनीवरच्या अंथरुणापासून सुरू होतो. स्वच्छ पाण्याची टंचाई असलेल्या घरात दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालून लघवी कशी काढायची, सुनेला किंवा मुलाला काय शिकवायचे, पाठीवर जखम होऊ नये म्हणून रात्री कूस कोणी आणि कधी बदलायची, हे सगळे त्यात आहे. माझ्या मते पुस्तकाचा हाच सर्वांत मोलाचा भाग आहे.

गाठ नीट निघाल्यावरही रुग्ण पहिले काही आठवडे आधीपेक्षा वाईट असू शकतो, हे त्यात न लपवता सांगितले आहे, तेही आवडले. एपेन्डायमोमा काढताना रज्जूच्या मागच्या पट्ट्यांतून वाट काढावी लागते. त्यामुळे पायांत ताकद असूनही पाय कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. अंधारात, आंघोळ करताना डोळे मिटले की तोल जातो. हे आधी सांगितलेले नसेल तर घरचे लोक शस्त्रक्रिया फसली असे समजून बसतात.

रुग्णाच्या बाजूने या आजाराविषयी जे लिहिले गेले त्यातली दोन पुस्तके मला नेहमी आठवतात. कोलंबिया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्फी यांना रज्जूतल्या गाठीने हळूहळू पूर्ण पांगळे केले. ॲमेझॉनच्या जंगलात जमातींचा अभ्यास केलेल्या या माणसाने स्वतःच्या आजाराकडेही तशाच अभ्यासकाच्या नजरेने पाहिले आणि 1987 मध्ये ‘द बॉडी सायलेंट’ लिहिले. खुर्चीत बसल्यावर लोक आपल्याशी न बोलता सोबतच्या माणसाशी बोलू लागतात, असली निरीक्षणे आपल्या रुग्णालयांच्या बाकांवर रोज खरी ठरतात. कादंबरीकार रेनॉल्ड्स प्राइस यांना 1984 मध्ये गाठ निघाली. पाय गेले, लेखन वाढले. त्यांचे ‘अ होल न्यू लाइफ’ 1994 चे. मराठीत असा रुग्णाचा आवाज पुढे यावा, ही माझी जुनी इच्छा आहे. या पुस्तकात रुग्णांच्या हकिकती आहेत, पण त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आहेत. ती उणीव लेखकांनाही मान्य आहे.

हे शल्यविशारदांना शस्त्रक्रिया शिकवणारे पुस्तक नाही. ते पहिल्या फळीतल्या डॉक्टरांसाठी, फिजिओथेरपिस्टसाठी आणि ज्यांच्या घरात या आजाराचे नाव अचानक येऊन पडले आहे अशा माणसांसाठी आहे. काही ठिकाणी तपशील जास्त झाला आहे. जनुकांचे प्रकरण सामान्य वाचकाने खुशाल वगळावे. निदान चुकण्याच्या वाटा मात्र कोणी वगळू नयेत.

रुग्णांच्या घरच्यांना एक विनंती. गाठ दुर्मीळ असली की एका गावात, एका रुग्णालयात तिचा अनुभव साठत नाही. पुढचा निर्णय वर्षांनी, दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच डॉक्टरला घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या एमआरआयची सीडी जपून ठेवा, शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागा, आणि तपासणीला दिलेल्या गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. मागितल्या तर त्या मिळतात.